पिनरमधला कावा

‘एका भांड्यातून ज्यांनी कावा घेतला, ते पुन्हा एकमेकांचे वैरी होऊ शकत नाहीत.’

हे वाक्य आमचे यजमान उभं राहून म्हणत. म्हणण्याआधी दोन्ही तळवे खोलगट करून एकदाच टाळी वाजवत आणि तिचा आवाज खोलीत पुरता विरेपर्यंत थांबत. मी हे वाक्य पुष्कळदा ऐकलं आहे, त्यामुळे साक्ष देऊ शकतो. लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्यांच्या दिवाणखान्यात एका भांड्यातून कावा घेणाऱ्या आम्हा मंडळींपैकी निम्मे लोक मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. कावा घेतल्यावरही बोलत नसत. फक्त आता कारण वेगळं असे. कावा प्यायल्यावर जीभ बधिर होते.

तुमच्यापैकी कुणी तो प्यायला असण्याची शक्यता कमी, म्हणून सांगतो. पॅसिफिकमधल्या बेटांवर मिरवेलीच्या गोतातलं एक झुडूप होतं. त्याचं मूळ वाळवून कुटतात, पूड फडक्यात बांधून गार पाण्यात मळतात आणि जे गढूळ पाणी निघतं ते नारळाच्या करवंटीतून पितात. तिथे तो मोठ्या मानाचा प्रकार आहे आणि त्या लोकांच्या अंगणात, त्यांच्या समुद्राशेजारी तो शोभतही असेल. पिनरमध्ये, रॅडिएटरशेजारी, त्याला पावसाळ्यात डबक्यातून गेलेल्या पेन्सिलीची चव होती.

कावा म्हटलं की नव्या पाहुण्याला गनिमी कावा आठवे आणि तो विनोद आपल्यालाच प्रथम सुचला असं त्याला वाटे. ते हसत नसत. डोळे मिटत आणि म्हणत, “हा शब्द आपला नाही. शब्दाचा मान ठेवा.” पाहुणा ओशाळून मांडी सावरी. मांडी घालणं सक्तीचं होतं. आम्ही सगळे डॉक्टर, पन्नाशीच्या आसपासचे, सोफ्यावर बसून गुडघे विसरलेले. कार्पेटवर अर्धा तास मांडी घालून बसल्यावर आमच्यातल्या एका हाडांच्या सर्जनला उठवायला दोघं लागत.

ते मिरजेचे. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास काही काळ फिजीत सरकारी डॉक्टर होते आणि तिथून इंग्लंडला आले. ‘काही काळ’ हे माझे शब्द. त्यांचे शब्द होते, “आयुष्याची ती पर्वणी.” तिथल्या एका सरदारानं आपल्याला गोतात घेतलं, असं ते सांगत. सरदाराचं नाव विचारलं तर ते उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही म्हणत. माझ्या बायकोनं या सरदारकीमुळे त्यांचं नाव ‘पाटील’ ठेवलं. आडनाव पाटील नव्हतं, पण आमच्या घरात ते कायम पाटीलच राहिले.

त्यांच्या पत्नीचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, म्हणणं निराळं होतं. त्या बटाटे सोलता सोलता माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, “वर्षभरसुद्धा नव्हतो गं आम्ही. हॉस्पिटल आणि क्वार्टर. ह्यांना डासांची भीती. संध्याकाळ झाली की खिडक्या बंद, आणि आत वरणभात.” कावा पाटलांनी पाहिला तो एका हॉटेलात, टुरिस्टांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात, तिकीट काढून. चार पायांचं ते लाकडी भांडं त्याच हॉटेलच्या दुकानातलं होतं. सोबत एक छापील माहितीपत्रक मिळालं होतं. वहिनी म्हणाल्या, पत्रक ह्यांनी फार जपलं.

विधी महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी. सोफे भिंतीला सरकवलेले. मधे भांडं. भांड्याला कवड्या लावलेला एक दोर बांधलेला असे आणि त्याचं टोक सरदाराकडे करायचं असतं, म्हणून ते स्वतःकडे करत. कमरेला गुडघ्यापर्यंतचं फुलाफुलांचं वस्त्र, त्याखाली थंडीमुळे लोकरीची पँट. त्या वस्त्राला एकदा कुणी लुंगी म्हणालं, त्याला पुढचे दोन महिने बोलावणं आलं नाही.

पूड वेम्बलीच्या एका गुजराती दुकानातून येई. दुकानदाराचे नातेवाईक फिजीत होते. त्याच्याकडे ती अगरबत्त्या आणि इसबगोल यांच्यामधे ठेवलेली असे. घरी मात्र ती देवघरातल्या खालच्या फळीवर. गाळायचं फडकं म्हणजे वहिनींचं चक्का बांधायचं मलमल. ते पाटलांनी एकदा न विचारता उचललं ते परत दिलंच नाही. पुढे त्या घरात श्रीखंड कधी झालं नाही.

पुरचुंडी पाण्यात बुडवून ते मळत, पिळत, उलटी करून पुन्हा मळत. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, भांड्यापुढून जायचं नाही. वहिनींच्या मते ह्या घरात त्यांनी हात ओले केले ते एवढ्यापुरतेच. पाणी काव कालवल्यासारखं झालं की पहिली करवंटी स्वतःसाठी. आधी एक टाळी, मग एका दमात सगळं घशाखाली, मग तीन टाळ्या, आणि करवंटी रिकामी झाली हे सांगायला सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, “माका.”

माका म्हणजे रिकामं. तो त्या लोकांच्या भाषेतला पवित्र शब्द आहे, असं त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. आता अडचण अशी, की आमच्यात एक भूलतज्ज्ञ होता, मालवणचा. त्याच्या घरच्या बोलीत माका म्हणजे ‘मला’. सगळ्यांचं एकसुरी “माका” झालं की तो मान खाली घालून हळूच म्हणे, “तुका.” दर करवंटीला. पोट धरून हसू आवरणाऱ्या डॉक्टरांकडे पाहून पाटलांना वाटे, कावा चढला. एकदा त्यांनी भूलतज्ज्ञाला विचारलं, तुम्हाला काय जाणवतं? तो गंभीरपणे म्हणाला, “जिभेला भूल बरी मिळते. आमच्याकडे याला पैसे पडतात.”

हॉस्पिटलात ते म्हाताऱ्यांच्या वॉर्डात होते, मी तळघरातल्या पॅथॉलॉजीत. त्या काळी इंग्रज डॉक्टर ज्या खात्याकडे पाहायचे नाहीत तिथे आपल्या लोकांना जागा मिळे, आणि म्हाताऱ्यांकडे कुणीच पाहत नसे. पाटील असोसिएट स्पेशालिस्ट होते. याचा अर्थ असा, की कन्सल्टंटचं काम करायचं आणि कन्सल्टंट म्हणवून घ्यायचं नाही. वॉर्डाचा कन्सल्टंट एक उंच, सडपातळ इंग्रज होता. तो आठवड्यातून एकदा फेरी मारी, पाटलांनी लिहिलेलं वाची आणि “स्प्लेंडिड” म्हणून निघून जाई. मिरजेला मात्र पाटील कधीचेच कन्सल्टंट होते. तिकडच्या नातेवाइकांना त्यांनी तसं सांगितलं नव्हतं, पण ते तसं समजतात हे कळल्यावर दुरुस्तही केलं नव्हतं.

त्यांचा एक प्रकार मात्र मी स्वतः पाहिला आहे आणि तो न सांगणं बरं दिसणार नाही. म्हातारी माणसं पाणी प्यायला तयार नसतात. नर्स विनवून थकतात. मी एकदा कसल्याशा रिपोर्टसाठी वर गेलो होतो, तेव्हा पाटील एका हट्टी म्हातारीच्या खाटेशी बसले होते. त्यांनी खोलगट टाळी वाजवली. म्हातारीनं वाळक्या हातांनी वाजवली, पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग दोघांनी तीन टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “आता माझी पाळी.” मला पाहताच पाटील उठले आणि कोट सारखा करत म्हणाले, “विधीशी याचा काही संबंध नाही. विधी निराळा.” मला वाटतं, त्या भांड्याचा आयुष्यात कुणाला उपयोग झाला असेल तर तो इथे, भांडं नसताना.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा त्या वॉर्डात दुसऱ्या कन्सल्टंटची जागा निघाली. पाटील निवृत्तीच्या जवळ आलेले. ही शेवटची संधी. मुलाखत घेणाऱ्यांत तो उंच इंग्रज असणार होता. इतक्या वर्षांत तो पाटलांच्या घरी कधी आला नव्हता आणि पाटलांनाही त्यानं कधी बोलावलं नव्हतं. पाटलांनी त्याला शनिवारच्या काव्याला बोलावलं आणि आश्चर्य म्हणजे तो हो म्हणाला.

पाटील मला हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाठून म्हणाले, “एकदा माझ्या हातून घेऊ दे. माझ्या हातून घेतलेला माणूस मला नाही म्हणू शकत नाही. हा नियम आहे.”

मी म्हटलं, “अहो, हा नियम त्याला माहीत आहे का?”

“नियम माहीत असावा लागत नाही,” ते म्हणाले. “लागू होतो.”

गनिमी काव्याचा विनोद ऐकून डोळे मिटणारा माणूस हे म्हणत होता. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पाटलांना शब्द अखेर कळला म्हणायचा.

त्या आठवड्यात त्यांना एकाच प्रश्नानं ग्रासलं होतं. पहिली करवंटी कुणाची? पाहुण्याला द्यावी तर तो सरदार ठरतो. स्वतः घ्यावी तर तो रागावेल. त्यांनी मला दोनदा फोन केला. मी म्हटलं, पाहुण्याला द्या, जागा त्याच्या हातात आहे. शेवटी ठरलं ते उलटंच. पहिली स्वतः घ्यायची, कारण देणारा मोठा असल्याशिवाय देण्याला अर्थ नाही. आमची रंगीत तालीमही झाली. भूलतज्ज्ञाला “तुका” म्हणायची बंदी झाली. तो म्हणाला, “साहेबाला मालवणी कुठे येते?” पण बंदी पाळायचं कबूल केलं.

इंग्रज वेळेवर आला. हातात वाइनची बाटली. ती त्यानं वहिनींना दिली आणि कुणी न सांगता बूट काढले. मग खोलीकडे, भांड्याकडे, पाटलांच्या फुलाफुलांच्या वस्त्राकडे एकदा पाहून तो भांड्यापासून सर्वांत दूर, दाराजवळ, सहज मांडी घालून बसला. साठीच्या इंग्रजाला मांडी जमते याचं आमच्या हाडांच्या सर्जनला इतकं आश्चर्य वाटलं की त्याची स्वतःची सुटली. पाटील म्हणाले, पुढे या, तुमची जागा इथे. तो म्हणाला, नको, मी इथेच बरा.

मळणं झालं. पिळणं झालं. वहिनींना ताकीद होती की विधी संपेपर्यंत बटाटेवडे बाहेर आणायचे नाहीत, त्यामुळे ते आत थंड होत होते आणि वास बाहेर येत होता. पाटलांनी टाळी वाजवली, पहिली करवंटी एका दमात संपवली, खाली ठेवली. आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले. पण त्याआधी दाराकडून तीन टाळ्या आल्या. खोल, भरीव, आमच्यातल्या कुणाला कधीच जमल्या नव्हत्या अशा. आणि तो इंग्रज म्हणाला, “मादा.”

‘द’ अगदी मऊ होता, जीभ दातांमधे धरून काढलेला. पण आमच्या कानांना तो मादाच. स्वयंपाकघरात बायका होत्या. आतून झारा पडल्याचा आवाज आला.

पाटील हसले. जाणत्या माणसानं नवशिक्याकडे पाहून हसावं तसे. तळहात उचलून, सावकाश, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांशी बोलतात त्या स्वच्छ इंग्रजीत ते म्हणाले, “नाही नाही. माका. मा-का. म्हणून पाहा.”

इंग्रजानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाला, “अर्थात. माका.”

“छान,” पाटील म्हणाले.

त्यानंतर त्यानं आपली करवंटी घेतली, दुसरीही घेतली, थंड वडे खाल्ले, वहिनींच्या चटणीची चौकशी केली. निघताना हॉलमध्ये बुटाच्या नाड्या बांधत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो. तो मला सांगू लागला, की तरुणपणी तो त्या बेटांवर डॉक्टर होता, लहानशा होडीतून गावोगाव जायचा, आणि रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात कावा प्यायचा. मिशनऱ्यांनी त्या भाषेला इंग्रजी अक्षरं दिली तेव्हा त्या मऊ ‘द’साठी त्यांनी ‘सी’ वापरला. म्हणून छापताना एम-ए-सी-ए असं छापतात. ज्यानं ऐकलं तो मादा म्हणतो, ज्यानं वाचलं तो माका. हे शेवटचं वाक्य माझं. तो इतकंच म्हणाला, “तिथे उसाच्या मळ्यांत जन्मलेले तुमचे लोक तसं म्हणत असतील.”

मी म्हटलं, ते फिजीचे नाहीत, मिरजेचे आहेत.

“अच्छा,” तो म्हणाला. “म्हणजे पश्चिमेच्या बाजूला का?”

मिरज पश्चिम महाराष्ट्रात आहे. मी हो म्हटलं.

तो गेल्यावर पाटील भांड्याशेजारी हात चोळत उभे होते. “पाहिलंत? एका दमात. दोन वेळा.” जागा मिळाली यात त्यांना आता शंका नव्हती. सरदारकी माणसाला काय देते याबद्दल ते बराच वेळ बोलले. वहिनी कार्पेटवरचे डाग पुसत होत्या.

मुलाखत झाली. जागा दुसऱ्या हॉस्पिटलातल्या एका तरुण माणसाला मिळाली. हॉस्पिटलात काही झाकून राहत नाही. तो इंग्रज पाटलांबद्दल आत फार चांगलं बोलल्याचं कळलं. तो म्हणाला होता, हे गृहस्थ म्हणजे आमच्या वॉर्डाचा कणा आहेत, ते आज जिथे आहेत तिथून त्यांना हलवण्याची कल्पनाही मला करवत नाही. समितीनं ते ऐकलं आणि त्यांना हलवलं नाही.

पुढच्या शनिवारी बोलावणं येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आलं. सगळे गेलो, वर्गणीवाले दोन्ही पक्षही. पाटलांनी पुरचुंडी नेहमीपेक्षा फार वेळ मळली. पाणी गढूळ होऊन गेलं, पुडीत काही उरलं नसेल, तरी ते मळतच होते आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी त्यांनी करवंटी भरून घेतली, रिकामी केली, आम्ही तीन टाळ्या वाजवून म्हणालो, “माका.” आणि सवयीनं भूलतज्ज्ञाकडे कान लावले. त्याच्यावरची बंदी केव्हाच उठली होती. तो मान खाली घालून बसला होता आणि काही बोलला नाही.

निघताना मी पाटलांना म्हटलं, त्या माणसानं फिजीत बरीच वर्षं काढली आहेत, तुम्हाला ठाऊक आहे का? मला वाटलं, ज्या लढाईत ते हरले तिचा नकाशा तरी त्यांना दिसावा. त्यांनी विचार केला. चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग ते म्हणाले, “वर्षं काढून काय उपयोग. त्याचा उच्चार कच्चा होता.”

मी घरी आलो. आजवर अनेक विद्वान पाहिले, पण इतकी अभेद्य विद्या पाहिली नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ झाला. त्या इंग्रजानं छोटं, नेटकं भाषण केलं. दूर पॅसिफिकमधून हे आमच्याकडे आले, म्हणाला, आणि तिथलं सौजन्य सोबत घेऊन आले. भेट म्हणून फिजीचा फ्रेम केलेला नकाशा दिला. पाटलांनी तो दोन्ही हातांनी घेतला. दुरुस्त करायची हीच वेळ होती. मी आणि वहिनी, दोघंही त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी आभार मानले आणि म्हणाले, “माझ्या लोकांच्या वतीनं.” वहिनी केकची बशी शोधायला गेल्या.

पुढे दोनेक वर्षांनी ते बागेत गवत कापत असताना गेले. मागे खुर्चीत वहिनी होत्या, त्यांना मशीन थांबल्याचं कळलं. क्रिमेटोरियममध्ये आम्ही सगळे होतो, भूलतज्ज्ञही, आणि वॉर्डातल्या नर्सपैकी पुष्कळ जणी. इंग्रज शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला होता.

भागातल्या साप्ताहिकानं त्यांच्यावर चार ओळी छापल्या. मजकूर हॉस्पिटलच्या ऑफिसातून कुणीतरी फोनवर सांगितला होता. त्यात म्हटलं होतं, फिजीत जन्मलेले हे कन्सल्टंट वृद्धांच्या सेवेसाठी सर्वांना परिचित होते. वहिनींनी कात्रणाच्या प्रती काढून मिरजेला पाठवल्या.

पुढच्या अंकात दुरुस्ती आली. ते कन्सल्टंट नव्हते, असोसिएट स्पेशालिस्ट होते. जन्मस्थानाबद्दल काही दुरुस्ती नव्हती.